कडेट आलं!

डे मॉईन, आयोवा
जानेवारी

प्रिय सुधीर,

कडेट आलं! सिग कंपनीचं कडेट एलटी-४०, शिकणाऱ्यांसाठीचं मॉडेल विमान. तयार फोमचं नव्हे, लाकडाचा किट. एनसीसीच्या एअर विंगमध्ये दोरीवरचं विमान गरगर फिरवताना आपण दोघं ज्याच्या गप्पा मारायचो ना, तेच: रेडिओवर उडणारं आणि पहिल्या रिबपासून (पंखाला आकार देणाऱ्या पातळ फळीपासून) आपणच जोडायचं.

सिग म्हणजे इथलीच, आयोवातली. ग्लेन आणि हेझल सिगाफूस या नवराबायकोने उभी केलेली कंपनी, गाव मॉन्टेझुमा, माझ्या घरापासून तास-सव्वा तासावर. त्यामुळे शिकायला पहिलं विमान हेच घ्यायचं, असं मनात पक्कं होतं.

खोका उघडला आणि आधी प्लॅन जमिनीवर पसरला. पूर्ण मापाचा आहे, त्यामुळे विमान केवढं होणार ते तिथेच कळलं. पंखांचा पसारा ७० इंच! दिवाणखान्यात चालायला वाट उरली नाही. पंखांचं क्षेत्रफळ ९०० चौरस इंच आणि तयार विमानाचं वजन साडेपाच ते सहा पौंड. म्हणजे चौरस फुटाला जेमतेम १४-१५ औंसांचा भार. शिकणाऱ्याला यापेक्षा मोठा आधार कुठला? विमान हळू उडतं, हळू उतरतं आणि विचार करायला वेळ देतं. त्यात पंख दोन्ही टोकांना वर उचललेले, म्हणजे एका अंगावर कललं तरी स्टिक सोडल्यावर सरळ व्हायला बघणार.

खरा आनंद लाकडाचा. भाग लेझरने कापलेत. आपण ब्लेडने रिबा कापून त्यांचा गठ्ठा करून घासत बसायचो, आठवतं? इथे रिबा एकमेकींवर ठेवल्या तर कडा तंतोतंत जुळतात. बॉडी लाइट-प्लायची, म्हणजे हलक्या प्लायवूडची, खाचेत खाच बसणारी. गोंद न लावता नुसती जुळवून पाहिली तर काटकोनात उभी राहिली. मी बराच वेळ ती हातात धरून फिरवत बसलो होतो.

मग बाल्सा, म्हणजे ते अगदी हलकं लाकूड, निवडायला घेतला. एकाच मापाच्या दोन पट्ट्या, पण एक कडक आणि जड, दुसरी मऊ. सगळ्या काट्यावर तोलून जोड्या लावल्या, म्हणजे डावा-उजवा पंख सारखाच भरेल. सगळ्यात हलकं लाकूड शेपटीला राखलंय. शेपूट सीजीपासून (विमानाच्या तोलाच्या बिंदूपासून) लांब असते, तिथे वाढलेल्या एकेका ग्रॅमसाठी नाकात कितीतरी जास्त शिसं घालावं लागतं. स्पारच्या, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या कण्याच्या, पट्ट्या डोळ्यासमोर आडव्या धरून बाक तपासला, सरळ आहेत.

क्लबातले काही जण म्हणतात, तयार विमान घे आणि या उन्हाळ्यात उडव. त्यांचं चूक नाही. पण सुधीर, मला ते आतून ओळखीचं हवंय. आपटलं तर कुठली रिब गेली, कुठे जोड द्यायचा, हे मला कळायला हवं. शिवाय इथला हिवाळा घरात बसून बांधण्याचाच. तळघरात ड्रायवॉलचा (भिंतीला लावतात त्या जिप्सम बोर्डाचा) एक तुकडा सपाट टाकलाय, त्यात टाचण्या छान रुततात. वर प्लॅन आणि त्यावर मेणकागद. सुरुवात शेपटीपासून.

२५० ग्रॅमच्या वरचं विमान उडवायचं तर इथे एफएएकडे, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याकडे, नोंदणी लागते आणि नंबर विमानाच्या बाहेरच्या बाजूला दिसेल असा लिहावा लागतो. ते काम उरकलंय.

आता तुझा सल्ला हवाय. नावातले ४० म्हणजे ०.४० घनइंचाचं, सुमारे साडेसहा सीसीचं ग्लो इंजिन. तो आवाज आणि तो एरंडेलाचा वास मला अजून ओढतो. पण इलेक्ट्रिक मोटर लावली तर तेलाचा राडा नाही आणि शिकताना मैदानावर इंजिन बंद पडायची धास्तीही नाही. बॅटरी मात्र नाकातच बसवावी लागेल आणि ती बदलायला वरून झाकण करावं लागेल. फायरवॉल (नाकातली इंजिन बसवायची फळी) चिकटवायच्या आधी हे ठरायला हवं, म्हणून रविवारी तुझ्या सकाळी फोन करतो. प्लॅनचे फोटो पाठवलेत, तोवर नाकाचा भाग नीट बघून ठेव.

वहिनींना नमस्कार, पिंटूला खूप लाड.

तुझाच,
अविनाश