पावसाळी मुक्कामात रानअळंबी वेचण्याविषयी सूचना

सर्व सभासदांना कळकळीची विनंती आहे की, गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील मुक्कामात कोणीही केवळ अंदाजावर रानअळंबी वेचू नये. वारुळावर उगवणारी, आपण जिला अळमी म्हणतो ती, रुचकर असते यात शंका नाही. मात्र तिचा मुळासारखा लांब देठ वाळवीने जोपासलेल्या बुरशीपर्यंत खोल गेलेला असतो, म्हणून जाणत्या गावकऱ्याने ओळखून दिली तरी वारूळ न खणता वरचाच भाग अलगद काढावा. काही अळंब्यांचे विष शिजवूनही जात नाही आणि उलट्या-जुलाब ६ तासांनी किंवा त्याहूनही उशिरा सुरू होतात. अशा वेळी, थोडे बरे वाटू लागले तरीही, उरलेली अळंबी सोबत घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. म्हादई अभयारण्यात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू असल्याने तेथे वेचणी करूच नये.