पादक्षालनाच्या वेळी गंगाळापाशी बसलेल्या मावशींना

प्रिय मावशी,

येशूच्या नावाने नमस्कार.

पवित्र गुरुवारची, म्हणजे ईस्टरआधीच्या गुरुवारची, मिस्सा (चर्चमधली उपासना) संपली आणि आभारप्रदर्शन झालं. फुलांच्या देणगीदारांपासून साउंडवाल्यापर्यंत सगळ्यांची नावं वाचली गेली, त्यात तुमचं नव्हतं. यादी करणाऱ्यांवरचा राग थोडा आहे, तो पुढे येईलच. पण पत्र त्यासाठी नाही. येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून ज्यांचे पाय त्या संध्याकाळी धुतले गेले त्या आम्हा बारा जणांना तुमचे आभार मानायचे आहेत, आणि चारचौघांत मानायचे आहेत.

पाय धुतले फादरांनी, पण टाच धरली तुम्ही.

बघणाऱ्यांना हे कळणार नाही, म्हणून लिहितो. वय झालेलं माणूस खुर्चीत बसून पाय गंगाळावर अधांतरी धरतं तेव्हा मांडी काही सेकंदांतच थरथरायला लागते. गुडघे दुखत असतील तर त्याहून लवकर. पाय खाली येतो, काठावर आपटतो, पाणी सांडतं, माणूस ओशाळतं आणि धुणं अर्धवट असतानाच पाय ओढून घेतं. तुम्ही डाव्या तळहातावर टॉवेलची घडी ठेवून एकेकाच्या टाचेखाली हात दिलात. पायाचा भार तुमच्या हातावर आला आणि थरथर कुणाला दिसलीच नाही. फादरांच्या हातांआड तुमचा हातही दिसला नाही. भेगांमुळे पाय पुढे करायला लाजणाऱ्या आजोबांची टाचही तुम्ही तशीच धरलीत, आणि भेगांवर टॉवेल न घासता पाणी नुसतं टिपून घेतलंत.

येशू पाय धुवायला आला तेव्हा ‘माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत’ म्हणणाऱ्या पेत्र या शिष्याला काय जड गेलं असेल ते खुर्चीत बसल्यावर कळतं. सेवा करायला एक वेळ कुणीही तयार होईल. आपला पाय, नखांसकट आणि भेगांसकट, दुसऱ्याच्या हातात देणं अवघड. नम्रतेवर इतकी प्रवचनं होतात, पण घेणाऱ्याच्या नम्रतेबद्दल फारसं कुणी बोलत नाही. तुम्ही ती आमच्यासाठी सोपी केलीत.

पाण्याचंही तसंच. एका माणसाला पाऊण लिटर धरलं तरी बारा जणांना नऊ-दहा लिटर पाणी लागतं, आणि प्रवचनाआधी तापवून ठेवलेलं पाणी प्रवचन संपेपर्यंत निवून जातं. तुम्ही कढत पाणी थर्मासमध्ये ठेवलंत आणि ऐन वेळी गार पाण्यात मिसळलंत. आमच्यात मधुमेहवाले होते. अशांच्या तळव्यांना गरम-गार नीट कळत नाही; विचारलं तर ‘चालेल’ म्हणतात आणि कातडी पोळून घेतात. तुम्ही कुणाला न विचारता स्वतःचं कोपर बुडवून पाणी पाहिलंत. बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्यात, कारण तिथे ओल राहिली की चिखल्या होतात, आणि मधुमेहात तेवढी जखमही पुरते.

आता राग. इतकी वर्षं काय चाललं होतं? बारा खुर्च्या, त्यावर कमिटीतले आणि मोठ्या देणगीचे. पाय घरून सेंटेड साबणाने धुऊन आलेले. नळाचं गार पाणी, अंगठ्याला लावल्यासारखं. बाराजणांत टॉवेल एकच, चौथ्या माणसालाच चिंब झालेला. गुळगुळीत फरशीवर सांडलेल्या पाण्यात वेदीसेवक घसरायचा बाकी. मध्ये कॅमेरेवाला असा उभा की मागच्या बाकांना त्याची पाठ तेवढी दिसावी. बायकांनी विचारलं तर ‘नियमात बसत नाही’. हा नियम रोमनेच बदललेला आहे: ६ जानेवारी २०१६ च्या आदेशाने ‘निवडलेले पुरुष’ हे शब्द जाऊन देवाच्या प्रजेतून निवडलेले असं झालं. त्याआधी, २०१३ मध्ये, पोप फ्रान्सिस रोममधल्या अल्पवयीनांच्या तुरुंगात जाऊन तिथल्या कैद्यांचे पाय धुऊन आले. त्यांत मुलीही होत्या, मुसलमानही होते. बाराच माणसं हवीत असाही दंडक नाही. हे वाचायला कुणाला सवड नव्हती, फोटोला मात्र होती.

योहानाच्या शुभवर्तमानात शेवटच्या भोजनाच्या प्रसंगी भाकर आणि प्याल्याची वचनं (‘हे माझं शरीर’, ‘हे माझं रक्त’) नाहीत. त्या जागी रुमाल आहे, गंगाळ आहे. येशू जेवणावरून उठला, वस्त्रं काढून ठेवली, रुमाल कमरेला बांधला, पाणी ओतलं, पाय धुतले आणि त्याच रुमालाने पुसले. एवढ्या ओळींत योहानाने एकही काम गाळलेलं नाही. तुमच्याकडे पाहताना ते पटत होतं. सगळ्यांची सोय बघणारी तुमच्यासारखी माणसं प्रत्येक चर्चमध्ये एखाद-दुसरी असतात आणि त्यांच्या जिवावर बाकीचे भाविक ठरतात, हेही जाता जाता म्हणून घेतो.

तुम्ही काय म्हणाल ते माहीत आहे: ‘आभार माझे कसले, देवाचे माना.’ मानतोच आहोत. पण लूकच्या शुभवर्तमानातल्या सतराव्या अध्यायातला तो शोमरोनी, म्हणजे यहुद्यांनी परका मानलेल्या लोकांतला माणूस, आठवा. येशूमुळे दहा कुष्ठरोगी शुद्ध झाले, परत आला तो एकटा. देवाचा गौरव मोठ्याने करत आला आणि ज्याच्यामुळे बरा झाला त्याच्या पायांशी पालथा पडला. दोन्ही एकाच वेळी. ‘देवाचेच आभार’ म्हणून मधल्या माणसाला वगळण्याची सवय आपल्यालाच लागली आहे. त्यात पैसे लागत नाहीत आणि मानही तुकवावी लागत नाही.

शेवटी एक विनंती, ती मोडू नका. संत बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातल्या नियमावलीत पस्तिसावं प्रकरण आहे. आठवडाभर स्वयंपाकघरात सेवा केलेल्या मठवासीयाने शनिवारी सगळ्यांचे हात-पाय पुसायचे टॉवेल धुवायचे, आणि सेवा संपवणारा व पुढची सुरू करणारा अशा दोघांनी मिळून सर्वांचे पाय धुवायचे. आमचं एकमताने ठरलंय की यंदाचे बाराही टॉवेल आम्ही धुणार. सॅक्रिस्टीतल्या (चर्चचं सामान ठेवायच्या खोलीतल्या) कपाटात ठेवले असतील तर किल्ली पाठवा. घरी नेले असतील तर भिजत घालू नका, आम्ही न्यायला येतोय. आणि पुढच्या वर्षी थर्मास धरायला आमच्यातल्या कुणाला तरी आधीच सांगून ठेवा.

आपले,
खुर्च्यांवरचे बारा जण