पॉइंटांची खिरापत नको

मा. संपादक,
स. न.

सुट्टीच्या पुरवणीत ‘एल्डन रिंग’ या २०२२ साली आलेल्या व्हिडिओ गेमवर लेख छापलात, आनंद वाटला. पण ‘लेव्हल (खेळाडूची पायरी) वाढली की आठही स्टॅटना, म्हणजे पात्राच्या ताकद-दम अशा गुणांना, सारखे पॉइंट द्यावेत’ हा त्यातला सल्ला साफ चुकीचा आहे. मे महिन्यात जळगाव-धुळ्याची पोरे दुपारी घराबाहेर पडत नाहीत. त्यांनी हे वाचून खेळायला घेतले तर दहा-बारा दिवसांत कुठल्या तरी बॉसपाशी, म्हणजे बलाढ्य शत्रूपाशी, हमखास अडकतील.

या खेळात एका लेव्हलला एकच पॉइंट मिळतो आणि पुढच्या प्रत्येक लेव्हलला आधीपेक्षा जास्त रून्स (खेळातले चलन) मोजावे लागतात. चाळीस पॉइंट आठ ठिकाणी वाटले की वाट्याला पाच-पाच येतात. त्यात धड जड शस्त्र पेलत नाही, धड मोठा मंत्र लागू होत नाही.

पहिला मान व्हिगरचा, म्हणजे जीव किती त्याचा. व्हिगर २५ असताना जीव ८००, ४० ला १४५०, ६० ला १९००, आणि ९९ ला फक्त २१००. म्हणजे २५ नंतरचे पंधरा पॉइंट ६५० देतात, तर ६० नंतरचे एकोणचाळीस मिळून जेमतेम २००. रावेर-यावलच्या बागाईतदाराला हे वेगळे सांगायला नको: केळीला युरियाचा हप्ता ठरलेला असतो, त्यावर ओतला म्हणून घड वजनदार होत नाही. निम्म्या खेळापर्यंत ४०, शेवटाकडे ६०, आणि तिथे हात आखडावा.

उरलेले पॉइंट शस्त्र बघून द्यायचे, आणि शस्त्र आधी ठरवायचे. ‘ग्रेटस्वर्ड’ या अवजड तलवारीला स्ट्रेंथ (ताकद) ३१ आणि डेक्स्टेरिटी (हातचलाखी) १२ लागते. मात्र दोन्ही हातांनी धरली की स्ट्रेंथ दीडपट धरली जाते, त्यामुळे २१ वर भागते. ‘हीरो’ हा वर्ग (सुरुवातीला निवडायचे पात्र) घेतलात तर सुरुवातीलाच स्ट्रेंथ १६ आणि डेक्स्टेरिटी ९ असते. पाच आणि तीन, अवघ्या आठ पॉइंटांत काम होते. लेखातल्या सल्ल्याप्रमाणे हेच आठ पॉइंट एका फेरीत सगळीकडे उधळले गेले असते!

या तलवारीचे वजन २३ आहे. अंगावरचा एकूण भार क्षमतेच्या ७० टक्क्यांवर गेला की लोळण जड होते आणि वार चुकवता येत नाहीत. अशा वेळी लगेच एन्ड्युरन्सला, म्हणजे भार पेलण्याच्या स्टॅटला, पॉइंट घालू नयेत. आधी जड चिलखत उतरवून पाहावे. आपला वार शत्रूला कमी लागतो म्हणून स्ट्रेंथ वाढवत बसणे हीसुद्धा नेहमीची चूक. पहिल्या दर्जाचे स्मिदिंग स्टोन (शस्त्र सुधारायचे दगड) आधी दोन, मग चार आणि मग सहा, असे बारा गोळा केले की साधे शस्त्र तीन पायऱ्या सुधारून +३ होते. सुरुवातीला चार-पाच पॉइंटांपेक्षा त्याचाच फरक जास्त पडतो.

(आणि स्टॅटच्या नावांचे ‘चैतन्य’, ‘निष्ठा’ असे मराठीकरण करू नये. पडद्यावर इंग्रजीच दिसते, पोरे शोधत बसतात.)

वाटप बिघडलेच तर खेळातल्या राया लुकारिया अकादमीत रेनाला या बॉसला हरवल्यावर, तिला ‘लार्व्हल टिअर’ ही एक वस्तू देऊन सगळे पॉइंट नव्याने लावता येतात. हे टिअर मोजकेच मिळतात. शिवाय सुरुवातीच्या वर्गाच्या आकड्याखाली कोणताही स्टॅट उतरत नाही. ‘अ‍ॅस्ट्रॉलॉजर’ घेऊन सुरू केलेल्याचे इंटेलिजन्सचे (जादूला लागणाऱ्या स्टॅटचे) १६ पॉइंट तलवार हाती घेतल्यावरही तिथेच अडकून राहतात.

आपला,
एक वाचक, भुसावळ