माग दोरीच्या पलीकडे कशासाठी?

संपादक, स.न.वि.वि.

७ ऑगस्टला राष्ट्रीय हातमाग दिन झाला. १९०५ साली याच तारखेला कोलकात्यात स्वदेशी चळवळीची हाक दिली गेली, त्या स्मरणार्थ २०१५पासून हा दिवस पाळला जातो. आपल्या दैनिकातही त्यानिमित्त मजकूर आला आणि तो मी मनापासून वाचला. मात्र दरवर्षी वाचकांना एकच विनंती होते, हातमागाचं कापड विकत घ्या. माझी विनंती वेगळी आहे. लोकांना विणायला शिकवा आणि त्या शिकवण्याचे पैसे विणकरांच्या हाती पडू द्या.

मी गणिताची निवृत्त शिक्षिका. माहेर सोलापूरचं. पूर्व भागातल्या मागांचा खडखडाट ऐकतच मोठी झाले, पण मागाला हात लावायची वेळ निवृत्तीनंतर पुण्यात आली. आम्ही काही जणी आणि एक निवृत्त एस.टी. कंडक्टर शनिवारी दुपारी एकीच्या घरी जमतो आणि टेबलावर मावणाऱ्या छोट्या मागांवर विणतो. या मागाला रिजिड हेडल लूम म्हणतात. मोठ्या मागावरची कामं इथे एकच चौकट करते. तिच्यात एकाआड एक छिद्र आणि फट असते. छिद्रातला धागा चौकटीबरोबर वर-खाली होतो, फटीतला जागच्या जागी राहतो. चौकट उचलली की आडवा धागा नेणारा धोटा एकदा जातो, दाबली की परत येतो, आणि हीच चौकट पुढे ओढून आडवा धागा ठोकायचा. साधी वीण यावर कुणालाही एका दुपारात येते.

त्यानंतर आम्हाला ट्विल विणायचं होतं. ट्विल म्हणजे काय ते घरबसल्या बघता येईल. जीन्सवर अगदी जवळून नजर टाका, बारीक तिरप्या रेघा दिसतील. आता पाय दुमडून आतली बाजू पाहा. बाहेर निळं, आत पांढुरकं. उभा धागा निळा आणि आडवा पांढरा असतो, आणि निळा धागा तीन पांढऱ्यांवरून जाऊन एकाखाली शिरतो, म्हणून निळा वर राहतो. शाळेच्या खाकी ड्रिलच्या चड्ड्या आणि वडिलांच्या गॅबर्डिनच्या पँटी याच जातीच्या. कुलूच्या कित्येक शाली, काश्मीरच्या कानी शाली यांची वीणही ट्विलच, पण दोनावर-दोनाखाली अशी. तीत प्रत्येक ओळीला सगळा नमुना एक धागा बाजूला सरकतो, चार ओळींनी पुन्हा पहिल्यावर येतो. धागे कमी वेळा एकमेकांत अडकतात, त्यामुळे ताणा, म्हणजे उभे धागे, दाट भरता येतो आणि कापड अंगावर मऊ पडतं.

अडचण अशी की, आमच्या मागाला दोनच हालचाली आणि या विणीला उभ्या धाग्यांचे चार गट. आम्ही एकामागे एक तीन चौकटी लावल्या. प्रत्येक धागा तिन्ही चौकटींतून जातो, पण छिद्र त्याला एकाच चौकटीत मिळतं. असे तीन गट झाले. चौथ्या गटाच्या नशिबी सगळीकडे फटच. पहिल्या ओळीला पहिला आणि दुसरा गट उचलला, दुसऱ्या ओळीला दुसरा आणि तिसरा. तिसऱ्या ओळीला तिसरा आणि चौथा वर हवेत. पण चौथा कुठल्याच छिद्रात नाही, मग त्याला उचलायचं कशाने?

तेव्हा आमच्यात सोलापूरचे एक वयस्कर विणकर बसले होते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी खड्डामागावर, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून चालवायच्या मागावर काढली. आता मुलाकडे पुण्यात राहतात. आम्ही त्यांना मामा म्हणतो. दर शनिवारी येण्याचं मानधन ठरवून देतो आणि ते आल्याबरोबर हातात ठेवतो. मामांनी आमचा माग एकदा पुढून पाहिला, एकदा मागून पाहिला आणि म्हणाले, "ताई, वर येत न्हाई तर बाकीचे खाली घ्या की." पहिली आणि दुसरी चौकट खाली दाबली. तिसरा आणि चौथा गट आपोआप वर राहिला. चौथ्या ओळीला दुसरी आणि तिसरी दाबली. गणित सुटलं. आयुष्यभर मी मुलांना वजाबाकी शिकवली, पण ती इतकी नेमकी हातात आलेली मी त्या दिवशी पाहिली.

तीन चौकटी एकटीने सांभाळणं कठीण, म्हणून एका मागावर दोघी बसतो. एक चौकटी धरते आणि ओळीचा आकडा मोठ्याने म्हणते, दुसरी धोटा टाकते. ओळी वाढल्या की तिरपी रेघ दिसू लागते. इंचातले उभे आणि आडवे धागे सारखे असले तर ती बरोबर ४५ अंशांत चढते. ठोका जोरात पडला की आडवे धागे जास्त मावतात आणि रेघ आडवी होते, हलका पडला की उभी. दोघींपैकी कुणाचा हात कसा पडला, हे कापडावर लिहिलेलं असतं. मामा ताण्यावरून तळवा फिरवून सांगतात, अमुक जागी ढिला आहे. तिथे खरोखर ढिला असतो. या विणीत काठाचा धागा काही ओळींना सुटून राहतो. त्यांनी दोन्ही कडांना एकेक मोकळा धागा लावून दिला. धोटा आत शिरताना त्याच्या वरून न्यायचा, पलीकडे बाहेर काढताना त्याच्या खालून. काठ सरळ आला. तुटलेला धागा जोडण्याची त्यांची गाठ इतकी बारीक की फटीतून अलगद निघून जाते. ती गाठ त्यांची बोटं मंद करून दाखवतात, तेव्हा कुठे आम्हाला दिसते.

हे सगळं माझ्या मागणीसाठी सांगते आहे. २०१९-२०च्या हातमाग गणनेत देशात ३५ लाखांवर विणकर आणि मागाशी निगडित कामगार नोंदले गेले. त्यांत बहुसंख्य बायका आहेत. या माणसांकडे आपण फक्त माल बनवणारे म्हणून बघतो. एका प्रदर्शनात मी पाहिलं, दालनाच्या मधोमध माग मांडलेला, भोवती दोरी, आत एक बाई दिवसभर विणते आहे आणि लोक मोबाइलवर तिचे फोटो काढून पुढे जात आहेत. तिला कुणी एक प्रश्न विचारला नाही, कारण काय विचारायचं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. मला फार वाईट वाटलं. ज्यांनी एकदा धोटा टाकला आहे, त्यांनी तिला प्रश्नांनी घेरलं असतं.

किमतीचंही तेच. इंचाला वीस आडवे धागे धरले तर दोन मीटरच्या शालीसाठी धोटा जवळपास पावणेसोळाशे वेळा टाकावा लागतो, आणि ताणा भरण्याचं काम त्याआधीच झालेलं असतं. आमच्या गटातल्या एकीनेही तेव्हापासून हातमागाच्या गाळ्यावर घासाघीस केलेली नाही.

म्हणून माझं म्हणणं आहे की, दिवाळीच्या सुमारास जिल्ह्याजिल्ह्यांत जी हातमाग प्रदर्शनं भरतात, तिथे विक्रीच्या गाळ्यांच्या जोडीला चार-पाच छोटे माग टेबलांवर मांडावेत. साधा सुतारसुद्धा असा माग करून देतो. शिकवायला विणकरच असावेत, तासाला रीतसर शुल्क असावं आणि ते थेट त्यांना मिळावं. विणकर सेवा केंद्रं मुंबईत आणि नागपुरात आहेत, त्यांनी यात लक्ष घालावं. शाळांच्या कार्यानुभवाच्या तासालाही हे चालेल. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला, तो याच महाराष्ट्रात. सातवीच्या मुलाला चारचे गट, कोन आणि गुणोत्तर मागावर जितकं चटकन कळेल तितकं माझ्या फळ्यावर कळलं नसतं.

पुण्यात यंदा कुठलीही संस्था असं करायला पुढे आली, तर आमच्या गटातले दोन माग, चौकटी आणि सूत आम्ही विनामूल्य वापरायला देऊ. शनिवार-रविवारी मदतीला येऊन बसू. मामांशी बोलून झालं आहे, ते तयार आहेत. त्यांच्या मानधनाचं मात्र आधी ठरवावं.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे