वाळीत टाकणं आम्हाला नवं नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात माझा थोरला भाऊ वारला. चर्चमध्ये त्याच्या अंत्यविधीची उपासना चालू होती आणि त्याचा एकुलता एक मुलगा, माझा भाचा, बाहेर फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली उभा होता. आत गीत सुरू झालं तशी त्याच्या उजव्या हाताची बोटं हातातल्या पिशवीवर हलायला लागली. नऊ वर्षं त्याच चर्चमध्ये त्याने पेटी वाजवली होती, त्या गीताचा सूर त्याच्या बोटांत बसलेला होता. मी उठून बाहेर गेले, आत चल म्हणाले. "नको आत्या, बाबांच्या दिवशी कुणाचं तोंड वाकडं व्हायला नको," एवढंच म्हणाला. कबरस्तानातही तो सगळ्यांच्या मागे होता. बापाला माती द्यायला शेवटी पुढे आला.

माझा भाचा समलिंगी आहे. तीन वर्षांपूर्वी ही गोष्ट मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या सभासदांत, फुटली आणि एका शनिवारी त्याला चर्चच्या कमिटीपुढे बोलावलं. मी त्या कमिटीवर होते. सभेचं प्रोसिडिंग मीच लिहायचे. त्या दिवशी आधी प्रश्न झाले, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. मग उपास-प्रार्थना ठेवली. खुर्चीवर बसवून पाच-सहा जणांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवले आणि अडीच-तीन तास त्याच्यातल्या 'आत्म्या'ला निघून जायला सांगत होते. आवाज चढत गेले. तो डोळे मिटून बसला होता, घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. मध्येच त्याने पाणी मागितलं, तर "अजून नको" असं कुणीतरी म्हणालं. मी टेबलाशी वही घेऊन बसले होते. माझ्या मागे माठ होता. मी उठले नाही.

शेवटी वहीत मी लिहिलं, 'सदर तरुणास सेवेतून विश्रांती देण्यात येत आहे.' पेटी गेली, संडे स्कूलचा वर्ग गेला. प्रभुभोजनाला, म्हणजे उपासनेत ख्रिस्ताच्या आठवणीची भाकर घ्यायला, पुढे येऊ नकोस, असं तोंडी सांगण्यात आलं. त्याने वाद घातला नाही. पुण्याला निघून गेला. मी पुढच्या वर्षी कमिटी सोडली, तीसुद्धा कारण न देता.

आमच्यासारख्या नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरांत हे व्हावं याचं मला जास्त वाईट वाटतं. वाळीत टाकणं म्हणजे काय, हे आम्ही पुस्तकात वाचून शिकलेलो नाही. माझ्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावाने त्यांचं पाणी तोडलं, भावकीने सुतकसुद्धा पाळायचं नाकारलं. ही हकीकत आमच्या घरात चार पिढ्या सांगितली जाते आणि सांगताना आवाज अजूनही बदलतो. कवी ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांचं घर दुभंगलं, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या. त्याच टिळकांनी आयुष्याच्या शेवटी 1917 साली 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या सगळ्यांना त्यात जागा ठेवली. आम्ही त्यांची भजनं दर रविवारी म्हणतो. ज्यांना घराबाहेर काढलं त्यांची आम्ही नातवंडं-पतवंडं, आणि आम्हीच आपल्या पोराला झाडाखाली उभं करतो.

हे विषय काढले की मंडळीत पहिलं वाक्य ऐकू येतं, "हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे." मग पाश्चात्त्यांकडून काय काय आलं तेही पाहू. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 इंग्रजांनी 1860 च्या दंडसंहितेत घातलं. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 ला ते सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांपुरतं रद्द केलं. दुसरीकडे, आम्हाला शाळा आणि छापलेलं पवित्र शास्त्र देणारं अमेरिकन मराठी मिशन 1831 पासून नगरमध्ये आहे. ज्या काँग्रिगेशनल मंडळ्यांनी ते मिशन पोसलं, त्यांतल्या बहुतेक 1957 साली युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट या संघात गेल्या. त्या संघाने 1972 मध्ये विल्यम जॉन्सन या उघडपणे समलिंगी असलेल्या माणसाला पाळकपदाची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूपदाची, दीक्षा दिली. म्हणजे आमच्या मातृमंडळीने हा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वीच हातात घेतला, आणि आम्ही मात्र इंग्रजांचं कलम परंपरा म्हणून जपून ठेवलं.

दुसरं वाक्य असतं, "पवित्र शास्त्रात स्पष्ट लिहिलंय." लेवीय आणि रोमकरांस पत्र यांतली वचनं मी अनेकदा वाचली आहेत आणि ती नाहीत असं मी म्हणणार नाही. त्यांचा अर्थ काय लावायचा यावर जगभरच्या मंडळ्यांत खरा मतभेद आहे. पण पवित्र शास्त्रात 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तकही आहे. त्याच्या आठव्या अध्यायात कूशी, म्हणजे इथिओपियाचा, षंढ भेटतो. जुन्या नियमशास्त्राने अशा माणसाला मंडळीत यायला मनाई केली होती. रस्त्याच्या कडेला पाणी पाहून त्याने विचारलं, माझ्या बाप्तिस्म्याला आता काय अडचण आहे? त्याला शास्त्र समजावून सांगणाऱ्या फिलिप्पाने त्याच्यासाठी कमिटी बोलावली नाही. रथ थांबला आणि दोघे पाण्यात उतरले.

आमच्या बहुतेक मंडळ्या 1970 पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहेत, आणि ती मंडळी अँग्लिकन परिवाराची, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडशी नातं असलेल्या जगभरच्या मंडळ्यांची, सभासद आहे. त्या परिवाराच्या बिशपांनी 1998 च्या लॅम्बेथ परिषदेत जो ठराव केला तो आमच्याकडे अर्धाच सांगतात. समलिंगी संबंध शास्त्राला धरून नाहीत, असं त्यात म्हटलं आहे हे खरं. पण त्याच ठरावात हेही आहे की समलिंगी माणसांचे अनुभव आम्ही ऐकून घेऊ, देवाचं त्यांच्यावर प्रेम आहे, आणि बाप्तिस्मा घेतलेली विश्वासू माणसं, त्यांचा कल कुठलाही असो, ख्रिस्ताच्या शरीराचे पूर्ण अवयव आहेत. पूर्ण अवयव! मग प्रभुभोजनाची भाकर त्याच्या हातावर का नाही पडली? ठराव मानायचा तर सगळा माना.

आपल्या कॅथॉलिक बांधवांकडेही हेच दिसतं. 2013 साली मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस समलिंगी विवाहाला विरोध असल्याचं सांगून पुढे म्हणाले होते की ही माणसं गुन्हेगार नाहीत. जानेवारी 2023 मध्ये पोप फ्रान्सिस यांनीही तेच सांगितलं. आणि तरीही, संमतीच्या संबंधांना कलम 377 लागू नाही म्हणणाऱ्या 2009 च्या दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध जे सर्वोच्च न्यायालयात गेले त्यांत केरळची अपोस्टॉलिक चर्चेस अलायन्स आणि ओडिशाची उत्कल ख्रिश्चन कौन्सिल होती. आपलेच लोक. माणसं तुरुंगात जावीत म्हणून ख्रिस्ताच्या नावाने वकील उभे राहिले, हे वाचून मला त्या दिवशी प्रार्थना करता आली नव्हती.

'बरं करण्या'बद्दल. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 सालीच समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून काढलं. आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये असले 'उपचार' म्हणजे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. अमेरिकेत प्रार्थनेने समलिंगी माणसं बदलतात असं सांगणारी एक्झोडस इंटरनॅशनल ही मोठी ख्रिस्ती संस्था 2013 मध्ये बंद झाली आणि तिच्या अध्यक्षांनी माफी मागितली. ज्यांनी दुकान काढलं त्यांनीच ते बंद केलं, पण त्यांचा माल आमच्या उपास-प्रार्थनांत अजून खपतो आहे.

आणि लग्न. "लग्न लावून द्या, सगळं सुरळीत होईल," हा सल्ला माझ्या भावालाही मिळाला होता, दोन स्थळंही आणली होती. भाऊ फार शिकलेला नव्हता, पण त्याने विचारलं, "आणि त्या पोरीने काय पाप केलंय?" याचं उत्तर सल्ला देणाऱ्यांकडे नव्हतं. शिक्षिका म्हणून तीस वर्षं मुली पाहिल्या. त्यांतल्या दोघी असल्या लग्नात अडकल्याचं मला माहीत आहे. दोघींनाही मंडळीत सांगायला जागा नव्हती, आणि नवऱ्यांनाही नव्हती.

पाळकसाहेबांनी उद्या समलिंगी लग्नं लावावीत असं माझं मागणं नाही. ती चर्चा मोठी आहे, ती होत राहील. पण कुणाच्या डोक्यावर त्याच्या मर्जीविरुद्ध हात ठेवू नयेत, प्रभुभोजन अडवू नये, मुलगा बापाच्या प्रेतापाशी घरच्यांच्या बाकावर बसावा, एवढ्यासाठी कुठल्या सिनॉडची, म्हणजे चर्चच्या वरिष्ठ सभेची, परवानगी लागत नाही. याच पानावर माझी वयाने मोठी, मंडळीत मान असलेली माणसं हे वाचत असतील. त्यांच्यातले कितीतरी जण मला खाजगीत "मुलगा गुणी होता हो" असं म्हणाले आहेत. तो अजून आहे. पुण्यात आहे.

पेटी चर्चमध्ये डाव्या कोपऱ्यात कापड घालून ठेवलेली असते. हल्ली मोबाइलवर ट्रॅक लावून गीतं म्हणतात. प्रोसिडिंगची ती वही कपाटात आहे आणि तीन वर्षांपूर्वीच्या त्या पानावर माझं अक्षर आहे. ती नोंद रद्द करावी आणि त्या सभेत मी हजर होते व गप्प राहिले हे त्याखाली लिहून घ्यावं, असा अर्ज मी भावाच्या अंत्यविधीनंतरच्या सोमवारी कमिटीला दिला. पोच मिळाली आहे, उत्तर आलेलं नाही.

भाच्याची ओळख उघड होऊ नये म्हणून माझं नाव छापू नये, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, अहिल्यानगर