मनू, तुझा हायकू मी बिघडवला

प्रिय मनू,

फोनवर हे बोलणं जमलं नसतं, तू मध्येच "बरं बरं पप्पा" करून आजीकडं फोन दिला असतास, म्हणून टाइप करून पाठवतोय. लांबलंय जरा. रविवारी निवांत वाच.

तुमच्या हायकू स्पर्धेचा, म्हणजे त्या तीन ओळींच्या जपानी कवितेच्या स्पर्धेचा, निकाल लागला त्या दिवशी मी आईला तावातावानं म्हणलं होतं की त्या सरांना हायकूतलं काय कळतंय, जपानात मी राहतोय का ते राहतात. स्पीकर चालू होता आणि तू तिथंच बसलेलीस हे मला नंतर कळलं. तर ते वाक्य मी मागं घेतोय. सरांनी कागदावर लाल पेनानं "अनुभव दिसत नाही" असं लिहिलंय ना, ते अगदी बरोबर लिहिलंय. फक्त ते तुझ्या हायकूवर नाही लिहिलेलं, माझ्यावर लिहिलंय.

तुझा असा होता, मला पाठ आहे:

गोठा रिकामा
आजी तरीही उठते
पहाटे पाचला

आणि मी इकडं कॅमेऱ्यासमोर बोटं मोजत बसलो, पाच, आठ, सहा. म्हणलं बसत नाही गं मनू, तीन ओळींत पाच-सात-पाच अक्षरं पाहिजेत, आणि निसर्ग कुठाय यात? मग अर्ध्या तासात स्पर्धेसाठी हे बनवून दिलं:

पहाट झाली
चांदणे पसरले
गोठ्याच्या दारी

मोजून घे, अक्षरं परफेक्ट आहेत. तू फक्त एवढंच विचारलंस की पप्पा, पहाट झाल्यावर चांदणं पसरेल कसं, ते तर जायला लागतं ना? मी म्हणलं कवितेत चालतं. काय चालतं, कपाळ!

आता हे एवढं सगळं आत्ता का सुचलं ते सांगतो. ऑफिसातला माझा एक दोस्त मूळचा मात्सुयामाचा, ऑगस्टमध्ये गावी जाताना मला म्हणाला चल, तुला गंमत दाखवतो. टोक्योहून शिंकान्सेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, ओकायामा, तिथून दुसरी गाडी, समुद्रावरच्या त्या लांबलचक पुलावरून पलीकडं शिकोकू बेटावर, जवळजवळ सहा तास. खिडकीतून छोटी छोटी बेटं दिसतात, तुला आवडलं असतं. तर गंमत म्हणजे हायकू कोशिएन. इथं शाळांच्या बेसबॉलची कोशिएन नावाची स्पर्धा उन्हाळ्यात असते, अख्खा देश टीव्हीला चिकटलेला असतो, तसलीच पण हायकूची, हायस्कूलच्या पोरांसाठी. 1998 पासून चालूय. प्रत्येक टीममध्ये पाच जण, एक टीम लाल, एक पांढरी, आणि सुरुवातीच्या मॅचेस कुठं, तर भर बाजारात. ओकाइदो म्हणून वरून छप्पर असलेली बाजारपेठ आहे, कराडच्या मेन रोडला वरून पत्रा घातला तर कसं होईल तसं, दोन्हीकडं दुकानं चालू, लोक पिशव्या घेऊन थांबून ऐकतायत आणि मध्ये युनिफॉर्ममधली पोरं समोरासमोर टेबलं मांडून बसलेली. उकाडा तर विचारू नको, आपला मे बरा.

मला वाटलं होतं पोरं हायकू म्हणतील, परीक्षक मार्क देतील, टाळ्या, चहा, घरी. तसं नाही. हायकू वाचून झाला की समोरची टीम त्याच्यावर तुटून पडते. मला जपानी भाजी आणण्यापुरतंच येतं, दोस्त कानात सांगत होता. एका पोराच्या हायकूत खिडकी होती, तर समोरच्या मुलीनं उठून विचारलं, "इथं खिडकीच का? दार का नाही?" मनू, तो पोरगा गप्प झाला. मला वाटलं गेला हा. हातातला कागद उलटा करून टेबलावर ठेवला त्यानं, बहुतेक घामानं भिजला होता, आणि मग हळू आवाजात म्हणाला की दारातून माणूस बाहेर जाऊ शकतो. बस. एवढंच बोलून खाली बसला. मग परीक्षकांनी झेंडे वर केले, लाल का पांढरा, कुणाचे जास्त ते मोजायचं. तो जिंकला का हरला ते मी बघितलंच नाही, कारण माझ्या डोक्यात एकच चालू झालेलं की ती मुलगी माझ्यासमोर उभी राहून म्हणाली असती "इथं चांदणंच का?" तर मी काय सांगितलं असतं? अक्षरं बसत होती म्हणून?

आणि तुला विचारलं असतं की "पाचच का?" तर तू लगेच सांगितलं असतंस. डेअरीची गाडी सहाला येते म्हणून.

बरं ती अक्षरांची भानगडसुद्धा मी अर्धवट ऐकून तुझ्यावर लादली. पाच-सात-पाच खरं आहे, पण जपानी लोक मोजतात ती आपली अक्षरं नव्हेत. आपण "टोक्यो" दोन अक्षरांत उरकतो, ते तो-ओ-क्यो-ओ असे चार मोजतात. सुटा न्‌ आला तरी त्याचा वेगळा एक. त्यांच्या सतरात जेवढं बोलून होतं तेवढंच आपल्या सतरात होईल असं नाही, आणि मराठीत कवयित्री शिरीष पैंनी, म्हणजे आचार्य अत्र्यांच्या मुलीनं, जो हायकू आणून रुजवला त्यात तीन ओळी आणि यमक याला जास्त मान. हे मला पन्नाशीकडं झुकल्यावर कळतंय, आणि कॉलवर मी एक्स्पर्ट.

मात्सुयामा हे मासाओका शिकीचं गाव. हायकू हे नाव ज्यानं पक्कं केलं तो. बेसबॉलचा वेडा होता म्हणे, पण मणक्याचा टीबी झाला आणि शेवटची काही वर्षं अंथरुणातच, 1902 मध्ये गेला तेव्हा फक्त 34 वर्षांचा. समोर दिसतं ते लिही, असं तो सांगायचा. त्याचा एक हायकू दोस्तानं सांगितला, त्यात फक्त एवढंच आहे की बर्फ किती साचलाय असं मी परत परत विचारत राहिलो. स्वतःला उठून बघता येत नव्हतं ना. मी ते ऐकलं आणि पोटात कसंतरीच झालं, कारण मी पण रोज फोनवर विचारतो, पाऊस आला का, विहिरीला पाणी किती, आजीचे गुडघे कसे आहेत.

आता खरं कारण सांगतो, अक्षरं बिक्षरं राहू दे. तुझा हायकू ऐकला तेव्हा तो मला आवडला नाही असं नाही, बोचला. गोठा रिकामा का आहे, तर घरी धार काढायला माणूस नाही म्हणून. तू शाळेला, आई ड्यूटीला, आजीला आता खाली बसवत नाही. गाय विकायची तेव्हा मीच फोनवर म्हणलं होतं, विकून टाका, मी पैसे पाठवतो, पिशवीचं दूध घ्या. फोन ठेवला आणि मीटिंगला गेलो. आणि आजी अजून पाचला उठते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं गं. ते मला तुझ्या हायकूतनं कळलं. म्हणून मी त्याच्यावर चांदणं ओतलं.

तिथं मात्सुयामात जागोजागी हायकूच्या टपालपेट्या आहेत. किल्ल्यावर, गरम पाण्याच्या झऱ्यापाशी, ट्रामच्या आत पण. शेजारी कोरे कागद ठेवलेले, कुणीही लिहून टाकायचं. मी पण कागद घेतला. दोस्त म्हणाला सांग तुझा, मी जपानीत लिहितो. मी म्हणलं माझा नाही, मुलीचा आहे, आणि तुझा, पहिला, त्याला सांगितला. तो बराच वेळ काही बोललाच नाही, रस्त्यात उभाच. मग म्हणाला, "ऋतू कुठला?" त्यांच्याकडं हायकूत ऋतू सांगणारा शब्द लागतो, बेडूक म्हणलं की वसंत, असं सगळं ठरलेलं, त्याच्या जाडजूड याद्या आहेत. म्हणाला थंडीत पाचला उठणं वेगळं, पावसाळ्यात वेगळं, गाय गेली कधी?

मला सांगता येईना मनू. श्रावणात गेली का दिवाळीनंतर? व्यवहार किती हजारांना झाला ते लक्षात आहे, महिना नाही. कागद तसाच कोरा खिशात घालून आलो.

परत येताना स्टेशनवरच्या मशीनमधून ग्रीन टीची बाटली घेतली, त्या ओइ ओचा ब्रँडच्या बाटलीवर हायकू छापतात, त्यांची पण मोठी स्पर्धा असते 1989 पासूनची, शाळेतल्या पोरांचे सुद्धा निवडतात. बाटली धुऊन ठेवलीय, दिवाळीला येताना आणतो. वर काय लिहिलंय ते मला नीट लागलं नाही, आपण दोघं मिळून लावू.

सरांना भेट आणि सांग की तो पप्पांनी केलेला होता. रागावले तर माझा नंबर दे, मी बोलतो त्यांच्याशी. आणि तुझा पहिला हायकू वहीच्या पानावर तुझ्या अक्षरात लिहून फोटो पाठव. शुद्धलेखन आईला तपासायला देऊ नको, आणि मी काही सुचवलं तर ऐकू नको.

अजून एक काम आहे. एक दिवस पाचचा गजर लाव आणि आजीच्या मागं जा, तिला कळू न देता. उठून ती करते काय? गोठ्यात जाते का नुसती ओट्यावर बसते? दिवा लावते का? गव्हाणीत अजून कडबा आहे का कुणाला दिला? आणि थंडी वाजते का तेव्हा, ते पण सांग. दोस्त परवा परत विचारत होता.

तुझा
पप्पा