एमएच-12 डिचोलीत आली

डिचोली, गोवा
आषाढ

प्रिय सुजू,

फोनवर मी तुला धड काहीच सांगितलं नाही, कारण बाबा समोर बसले होते. पुण्याहून आणलेल्या जुन्या गाडीचा विषय निघाला की ते मला बोलू देत नाहीत, फोन हातातून काढून घेतात. आत्ता जेवून झोपलेत, बाहेर पाऊस धरून बसलाय, तेव्हा निवांत लिहिते. तुझ्या पुतण्याची बंगळुरूची गाडी सांगलीला आणायची म्हणतेस ना, मग हे सगळं तुझ्याही उपयोगाचं आहे.

तुझा पहिला प्रश्न: गोव्यात जुन्या गाड्या मिळत नाहीत का, की पुण्याला गेलीस? मिळतात गं, हव्या तेवढ्या मिळतात. पण किनाऱ्याकडची गाडी वरून कितीही चकचकीत दिसली तरी खाली वाकून बघायची. खारा वारा पत्रा खातो. शिवाय पर्यटकांनी हाणलेल्या गाड्या. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली रेंट-अ-कार निदान ओळखू तरी येते, पण खाजगी नंबरावर गुपचूप भाड्याने फिरवलेली गाडी कशी ओळखणार? म्हणून पुणं. स्वस्त पडतं म्हणून नव्हे, हे मुद्दाम सांगते. कर, एनओसी म्हणजे आरटीओचा ना-हरकत दाखला, फेऱ्या हे सगळं धरलं तर फारसे पैसे वाचत नाहीत. गाडीचा तळ कोरडा मिळतो, एवढंच.

त्यातही एक खोच आहे आणि ती तुला मी काय सांगणार! 2019 च्या ऑगस्टात तुमच्या सांगलीत पाणी भरलं, 2021 च्या जुलैत चिपळूण-महाड बुडालं. त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांचं पुढे काय झालं? काही भंगारात गेल्या. बाकीच्या धुऊन-पुसून, सीट कव्हरं बदलून लांबच्या गिऱ्हाइकाला विकल्या जातात, जिथे कोणी ‘ही त्या पुरातली’ म्हणणार नाही. म्हणून बाबांनी पुण्यात गेल्या गेल्या काय केलं, तर सगळे सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढले. बेल्टचा जो भाग कायम आत गुंडाळलेला असतो तो कोणी धुवत नाही, चिखलाची रेघ तिथे राहते. मग डिकीतलं स्टेपनीचं चाक काढून खालच्या खळग्यात बोटं फिरवली, पायाखालचं मॅटिंग उचलून नाक लावलं. विकणारे काका बघतच राहिले.

बाबा कदंबचे, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसचे, ड्रायव्हर होते हे तुला माहीत आहे. हॉस्टेलवर मला सोडायला यायचे तेव्हा तू त्यांना घाबरायचीस. आता त्यांना घरात बसवत नाही, त्यामुळे या सगळ्या प्रकरणात ते वीस वर्षांनी लहान झाले होते. काकांना आधीच फोनवर बजावलं होतं, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवला. थंड. मगच किल्ली मागितली. गरम इंजिनात पुष्कळ दुखणी लपतात म्हणे. ऑइलचं झाकण उघडून आतून पांढरट साय धरलीय का बघितली, कारण ती दिसली तर ऑइलमध्ये पाणी जात असण्याची शक्यता. टायरवरचे चार आकडे मला वाचायला लावले. त्यातले पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे 2319 असेल तर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी शिल्लक असली तरी रबर म्हातारं होतं. गाडी 2018 ची वॅगन आर, पेट्रोल. चालवून बघायला मात्र त्यांनी कोथरूडची गल्ली नाकारली, थेट जुन्या कात्रज घाटात नेली. परत आले ते गप्प होते. गप्प म्हणजे पसंत.

आता कागदांचं ऐक, इथे माणसं गडबडतात. एक एजंट काकांच्या ओळखीने मध्ये घुसला होता. त्याचं म्हणणं, ‘मॅडम, गाडी न्या तुम्ही, एनओसी मी मागाहून कुरिअर करतो.’ मी म्हटलं, नको. परराज्यात गाडी नोंदवायची तर आधीच्या आरटीओची एनओसी लागतेच, फॉर्म 28. तो अर्ज विकणाऱ्याच्या नावावरून जातो, ओटीपी त्याच्या मोबाइलवर येतो, अर्जावर गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या चेसिस नंबरचा पेन्सिलीने घासून घेतलेला छाप लागतो. गाडी गोव्यात आणि काका पुण्यात, मग छापासाठी बॉनेट कुठून आणायचं? शिवाय एकही ई-चलन थकलेलं असेल तर गाडं तिथेच अडतं. काकांचं एक निघालं, सिग्नलचं. ते इतके ओशाळले की मलाच वाईट वाटलं. आधीच्या कर्जाचा बोजा आरसीवरून, म्हणजे नोंदणीच्या दाखल्यावरून, उतरलेला होता हे बरं. नाहीतर बँकेचं पत्र आणि फॉर्म 35 हा आणखी एक फेरा. एनओसी कोणत्या आरटीओच्या नावे हवी तेही आधीच ठरवून लिहावं लागतं. आम्ही डिचोली लिहिली. मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर काकांच्या सह्या समोर बसून घेतल्या आणि ठरलेल्या रकमेतला थोडा भाग एनओसी हातात येईपर्यंत मागे ठेवला. काकांना ते पटलं. एजंटाला नाही पटलं, त्याचा चहा अर्धाच राहिला.

काकाही काही कमी नव्हते. ताबा पावतीवर त्यांनी तारखेबरोबर वेळ लिहिली, मीटरचं रीडिंग लिहिलं, माझ्या लायसनची झेरॉक्स घेतली. बाबांना ते जरा टोचलं, पण काकांचं बरोबरच होतं. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघाताच्या खटल्यात स्पष्ट सांगितलंय की गाडी मध्ये चार हात फिरली असली तरी आरसीवर ज्याचं नाव तोच कायद्याने मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणजे मी वाटेत कुणाला ठोकलं असतं तर नोटीस कोथरूडला गेली असती. तुझ्या पुतण्यालाही हे सांग, घरातली गाडी म्हणून तो ‘काकू, घेऊन जा’ म्हणेल.

विम्याचंही तसंच. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर आपोआप नव्या मालकाकडे येतो, मोटार वाहन कायद्याचं कलम 157 आहे, पण 14 दिवसांत कंपनीला कळवायचं असतं. आपल्या स्वतःच्या गाडीचं नुकसान झालं तर मात्र पॉलिसी आपल्या नावावर नसताना कंपनी हात वर करू शकते. म्हणून निघण्याआधीच पावती आणि ते दोन फॉर्म दाखवून पॉलिसी माझ्या नावे करायला घातली. नो-क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याची सवलत, काकांचा, तो त्यांच्याकडेच राहतो, त्यामुळे हप्त्यातला फरक भरावा लागला. फास्टॅग त्यांचाच चालू ठेवला, पैसे त्यांना देऊन टाकले आणि घरी पोचल्यावर बंद करा म्हणून फोन केला. टॅग नसता तर 15 नोव्हेंबर 2025 पासूनच्या नियमाप्रमाणे यूपीआयने सव्वापट टोल. पुणे ते कागल टोलनाके किती आहेत ते तुला माहीत आहेच.

गाडी ट्रकवर चढवून पाठवावी असं आमच्या शेजाऱ्यांचं मत. दुसऱ्यांनी कोकण रेल्वेचं सुचवलं. 2025 च्या गणपतीत त्यांनी कोलाड ते वेर्णा गाड्या वाहून न्यायची सोय काढली होती, एका गाडीला 7,875 रुपये, गाडी वाघिणीवर आणि माणसं जोडलेल्या डब्यात. पण कोलाडला पोचायचं तर पुण्याहून ताम्हिणी उतरायचा आणि वेर्ण्याहून पुन्हा डिचोलीला यायचं. बाबांनी हे ऐकून माझ्याकडे असं बघितलं, की मी त्यांना खांद्यावरून न्यायची भाषा केली असावी.

तर एनओसी हातात आल्यावर निघालो पहाटे. काकांनी परंपरेप्रमाणे टाकी रिझर्व्हवर आणून ठेवली होती! बाबांनी मोजून पेट्रोल भरलं, निपाणीपर्यंत पुरेल इतकंच, कारण पुढे कर्नाटकात थोडं स्वस्त आणि गोव्यात त्याहून स्वस्त. खंबाटकी चढताना त्यांची नजर सारखी तापमानाच्या काट्यावर. साताऱ्याच्या पुढे रुंदीकरणाची कामं, डायव्हर्शन, धूळ आणि तिच्यावर पावसाचा सडा. कोल्हापुरात जेवलो. तुझी आठवण काढली, मेसच्या त्या पातळ रश्श्याचीही काढली. संकेश्वरला हायवे सोडला आणि गडहिंग्लज, आजरा असा आंबोलीचा रस्ता धरला. डिचोलीला खरं तर बेळगावहून चोर्ला घाट जवळचा. पण अनोळखी गाडी पावसात चोर्ल्यात घालायला बाबा तयार नव्हते, आंबोलीत त्यांना वळण न् वळण पाठ आहे.

आजऱ्याच्या पुढे धुकं इतकं की समोरच्या एसटीचा लाल दिवा तेवढा दिसायचा. त्यात वायपरचं रबर सुटून काचेवर फटफट आपटायला लागलं. सगळं तपासलं होतं, वायपर मात्र पुण्याच्या उन्हात तपासले होते. आंबोलीत टपरीवाल्याकडून सायकलच्या ट्यूबची पट्टी घेऊन बाबांनी ते बांधलं, भजी खाल्ली आणि मला म्हणाले, “बाये, आता तू घे.” घाटात, पावसात, नवी गाडी! मी नाही म्हणत होते. ते शेजारी बसले आणि एकच सूत्र सांगितलं: ज्या गिअरात हा घाट चढशील त्याच गिअरात उतरायचा, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. ब्रेक तापले की घाटात देवही मदतीला येत नाही. दुसऱ्या गिअरात, धबधब्यासमोर गाड्या लावून नाचणाऱ्या पोरांना चुकवत, दाणोलीपर्यंत मीच उतरवली. तिथून बांदा आणि दोडामार्ग. दोडामार्गच्या नाक्यावर कोणी वळूनही पाहिलं नाही, पाऊसच तसा होता.

वळून बघायला लागले ते नंतर. सुजू, आमच्याकडे एमएच-07 ला कोणी विचारत नाही, सिंधुदुर्गातली माणसं रोज कामाला, दवाखान्याला इकडेच येतात. पण एमएच-12 म्हणजे टुरिस्ट! समुद्राच्या बाजूला गेले होते तेव्हा पोलिसाने हात दाखवला, हिंदीतून कागद मागितले. मी म्हटलं, “आमी दिवचलचीं,” म्हणजे डिचोलीचीच. तो हसला, “मागीर हो नंबर कित्याक?” म्हणजे मग हा नंबर कशाला? मी एनओसीची प्रत दाखवली. त्याने बाबांना ओळखलं. पुढची दहा मिनिटं कदंबच्या जुन्या गाड्यांवर चर्चा झाली आणि मागे ट्रॅफिक तुंबला.

इथे लोक तुला सांगतील, परराज्यातला नंबर बारा महिने चालतो. चालतो, पण मालक तोच असेल तर. आपण मालकच बदललेला असतो, आणि नाव लावायला कायद्याने 30 दिवस मिळतात. विकणाऱ्याला परराज्यातल्या व्यवहारासाठी 45 दिवस आहेत, ते आपले नव्हेत. एनओसी हातात होतीच, तेव्हा मी लगेच इथे अर्ज घातला, नव्या नंबरासाठी फॉर्म 27, सोबत 29-30, विमा, पीयूसी, पत्त्याचा दाखला. गाडी तपासायला न्यावी लागली, इन्स्पेक्टरने चेसिस नंबर पुन्हा पडताळला. मग रोड टॅक्स. गाडी जशी जुनी तसा तो कमी लागतो, पण लागतोच. काकांनी नवी घेताना महाराष्ट्राला जो एकरकमी भरला होता, त्यातला उरलेल्या वर्षांचा भाग नव्या नोंदणीनंतर परत मागता येतो. मागणार आहे. पण भाव करताना मी तो शून्यच धरला होता, तूही तसाच धर. जीए-04 नंबर पडलाय, नवी पाटी यायची आहे. ती आली की एमएच-12 उतरेल, आणि शेजारच्या पोरांनी ठेवलेलं ‘पुणेकर’ हे माझं नावही उतरेल अशी आशा.

आता तुझं बघू. पुतण्याला आज उद्या आरसीचा फोटो पाठवायला सांग. त्यावर बँकेचं नाव दिसलं तर कर्ज फिटल्याचं पत्र येईपर्यंत एक पैसाही देऊ नकोस, घरचा असला तरी. कर्नाटकाची एनओसी सांगलीच्या नावे काढायला लाव आणि तोवर गाडी बंगळुरूतच राहू दे. महाराष्ट्राचा कर किती पडेल ते सांगलीच्या आरटीओत विचारून मगच भाव ठरव. आणायला भाऊजी एकटे जाणार असतील तर जाऊ देऊ नकोस, इतका लांबचा पल्ला आहे, धारवाडला किंवा हुबळीला मुक्काम करा. बाबा म्हणतात मी येतो बरोबर. थट्टेत म्हणत नाहीत, बॅग कुठे आहे ते कालच आईला विचारून झालंय. तारीख ठरली की त्यांनाच फोन कर, संध्याकाळी सातच्या आत, त्यानंतर ते भजनाला जातात.

तुझी,
मंदा